घरातला अडसर : 'कादंबरी'पासून 'सुंदर मी होणार'पर्यंत



नाटक ही वस्तू अडथळ्यावर जगते. दोन तरुण जिवांची मने जुळली आणि लगेच अक्षता पडल्या, तर पहिला अंक संपण्यापूर्वीच पडदा टाकावा लागेल. म्हणून मने जुळणे आणि लग्न लागणे यांच्या मध्ये नाटककार कोणाला तरी उभे करतो. हा मध्ये उभा राहणारा कोण, याची कालानुक्रमाने नोंद ठेवली, तर त्या नोंदीतून समाजाचा इतिहासही आपोआप लिहिला जातो. राजांच्या याद्या आणि लढायांच्या तारखा यांतून जो इतिहास सापडत नाही, तो कित्येकदा नाटकाच्या जाहिरातीत सापडतो.

आज मी मुख्यतः तीन नाटकांविषयी बोलणार आहे. पहिले गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शापसंभ्रम', दुसरे त्यांचेच 'संगीत शारदा' आणि तिसरे पु. ल. देशपांडे यांचे 'सुंदर मी होणार'. पहिले एका प्राचीन गद्यकथेवरून घेतलेले, तिसरे एका इंग्रजी नाटकावरून घेतलेले आणि मधले स्वतंत्र. तिन्हींत मुलगी आहे, तिचे मन आहे आणि त्या मनाच्या आड येणारे काही तरी आहे. पहिल्यात आड येतो तो शाप, दुसऱ्यात पैसा आणि तिसऱ्यात बापाची माया. आकाशातून निघालेला हा अडसर पासष्ट वर्षांत आपल्या घराच्या दाराला कसा येऊन बसला, हे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. योगायोग असा, की या प्रवासातील दोन महत्त्वाचे मुक्काम आपल्या नाशकातच आहेत.

प्रथम 'कादंबरी'. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की ते एका मुलीचे नाव आहे याचा आपल्याला विसर पडला आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने ही गद्यकथा लिहावयास घेतली. ती पुरी होण्यापूर्वीच तो गेला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पद्धतीच्या दीर्घ गद्यकथा मराठीत येऊ लागल्या, तेव्हा या नव्या वाङ्मयप्रकाराला काय म्हणावे असा प्रश्न पडला, आणि आपल्या लोकांनी बाणाच्या नायिकेचेच नाव सगळ्या जातीला देऊन टाकले. एका मुलीच्या नावाने एक सबंध वाङ्मयप्रकार ओळखला जावा, हा मान जगाच्या साहित्यात फार थोड्या नायिकांना मिळाला असेल.

या कथेत दोन प्रेमकथा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. महाश्वेता आणि पुंडरीक ही एक जोडी, कादंबरी आणि चंद्रापीड ही दुसरी. सामान्यतः आपल्या स्मरणात राहतो तो अच्छोद सरोवराचा काठ, चांदणे आणि तीन तीन जन्मांची गुंतागुंत. परंतु बाणाची कथा सावकाश वाचली, तर तिच्यात आईबापांची सावली जागोजाग पडलेली दिसते. पुंडरीक विरहाने मरणोन्मुख झाला आहे, असा निरोप त्याचा मित्र महाश्वेतेला आणून देतो. त्या क्षणी तिच्या मनात काय येते? वडिलांनी अनुज्ञा दिलेली नाही, आईची संमती नाही, अशा स्थितीत आपण होऊन जाऊन त्याचा हात धरला, तर वडीलधाऱ्यांच्या मर्यादेचा भंग होऊन मोठा अधर्म घडेल. या विचारात वेळ जातो. ती निघते, पोहोचते, तोवर पुंडरीकाचे प्राण गेलेले असतात.

दुसऱ्या जोडीचे पाहा. मैत्रीण दुःखात असताना आपण लग्न करावयाचे नाही, असा कादंबरीचा निश्चय आहे. तिचे आईबाप, गंधर्वराज चित्ररथ आणि राणी मदिरा, त्यामुळे चिंताग्रस्त आहेत आणि मुलीचे मन वळवावे म्हणून महाश्वेतेलाच निरोप पाठवितात. पुढे चंद्रापीड येतो, दोघांची दृष्टादृष्ट होते, मने गुंततात, आणि एवढ्यात उज्जयिनीहून तारापीड राजाचे पत्र येते : ताबडतोब परत ये. मुलगा बापाची आज्ञा मोडीत नाही. मनातले बोलून न दाखविताच तो निघून जातो. कादंबरीच्या विरहावस्थेचे वर्णन चालू असतानाच बाणाची लेखणी कायमची थांबते.

म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या या लेखकाला कुटुंबाचा अडसर दिसला होता. तो मुलीच्या मनातच कसा बसलेला असतो, हेही त्याला दिसले होते. परंतु कथेचा निवाडा करताना दोष कोणाच्या पदरात पडतो? शापाच्या. मरता मरता पुंडरीकाने चंद्राला शाप दिला, चंद्राने उलट शाप दिला आणि त्यापुढची सारी दुःखे त्या शापांतून निघाली. आईबाप निर्दोष राहिले. शापाची मुदत संपली की मेलेले उठतात, पोपट झालेले माणूस होतात आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने दोन्ही लग्ने लागतात.

ही कथा घेऊन देवलांनी १८९३ साली 'संगीत शापसंभ्रम' मराठी रंगभूमीवर आणले. त्या काळाचा विचार करा. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली आणि 'सौभद्र' १८८२ साली आले होते. 'शाकुंतला'त दुर्वासाचा शाप आड येतो. 'सौभद्रा'त बलरामदादा सुभद्रेला दुर्योधनाच्या गळ्यात बांधावयास निघाला आहे, पण तेथे श्रीकृष्णासारखा कारस्थानी भाऊ मुलीच्या बाजूला असल्यामुळे आपण निर्धास्तपणे हसू शकतो. अशा प्रेक्षकाला 'कादंबरी'चे कथानक रुचावे, हे स्वाभाविक होते. मूळ कथेची रचना मात्र रंगभूमीला अत्यंत अडचणीची. एक पोपट राजाला गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत एक ऋषी गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत महाश्वेता आपली गोष्ट सांगते. वाचकाला हे चालते, कारण मागची पाने उलटून पाहण्याची त्याला सोय असते. नाटकाच्या प्रेक्षकाला ती सोय नाही. म्हणून कथेतून नाटक करणाऱ्याला एक सूत्र निवडून बाकीचे सोडावे लागते. देवलांनी कोणते सूत्र पुढे केले, ते नाटकाच्या नावातच आहे : शाप.

आणि हे घडत होते तेव्हा बाहेरच्या जगात काय चालले होते? लहानपणी लावून दिलेले लग्न आपल्याला बंधनकारक नाही, असे म्हणणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत मुंबईत गाजला. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला आणि त्यावरून पुण्यात रणे माजली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' याच सुमारास 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. कागदावरच्या कादंबरीत यमूचे हाल घरातल्या माणसांच्या हातून होत होते, आणि रंगभूमीवरच्या 'कादंबरी'त मुलींची दुःखे अजून चंद्राच्या शापातून येत होती. एकाच दशकात, एकाच भाषेत ही दोन उत्तरे दिली जात होती.

देवलांचे मोठेपण असे, की ते शापापाशी थांबले नाहीत. सहाच वर्षांनी, १८९९ साली, त्यांनी 'शारदा' दिले. येथे कोणाचा शाप नाही. कांचनभट नावाचा बाप आहे, त्याला पैशाचा लोभ आहे. भुजंगनाथ नावाचा म्हातारा आहे, त्याला बोहल्यावर चढावयाचे आहे. भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ दोघांचे जमवून देतो आणि शारदेला कोणी विचारीत नाही. अडसर आता स्वर्गातून उतरून ओसरीवर येऊन बसला, आणि त्याला नाव, गाव व गोत्र मिळाले.

परंतु शारदेची सुटका कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. मुलगी 'नाही' म्हणाली म्हणून ते लग्न थांबत नाही. वर आणि वधू सगोत्र असल्याचे ऐन वेळी उघडकीस येते, म्हणून थांबते. तिच्या अश्रूंनी जे झाले नाही, ते शास्त्राच्या एका कलमाने झाले. देवलांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांचा प्रेक्षक कितपत पुढे येईल, याचा त्यांना अचूक अंदाज होता. बापाला दोषी ठरविण्यापर्यंत तो आला होता. मुलीच्या नकाराला कायद्याइतके वजन देण्यापर्यंत तो अजून आला नव्हता.

या 'शारदे'चे आणि आपल्या गावाचे नाते सर्वांना ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या सन्मानार्थ जो प्रयोग होता, तो 'शारदे'चाच. अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि त्या रात्रीचे नाटक इतिहासात केवळ एक तपशील म्हणून उरले. मी तो तपशील थोडा उचलून धरू इच्छितो. जॅक्सनवरील रोषाचे एक प्रमुख कारण होते बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी झालेली जन्मठेप. ती शिक्षा एका काव्यपुस्तिकेच्या प्रकाशनाबद्दल झाली होती आणि त्या पुस्तिकेतील कविता नाशिकच्या कवी गोविंदांच्या होत्या. हे गोविंद पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे नोंदवून ठेवतो.

'शारदे'नंतरच्या अर्धशतकात परिस्थिती झपाट्याने पालटली. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. हरविलास सारडा यांच्या आडनावावरून त्याला सारडा कायदा म्हणू लागले आणि कित्येकांना तो 'शारदे'चाच कायदा वाटला. मुली शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या. १९५४ साली विशेष विवाह कायदा आणि १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. म्हातारा भुजंगनाथ आता कायद्याने आणि लोकलाजेने मागे सरला. मग अडथळा संपला काय? तसे झाले नाही. त्याने वेष बदलला. पैसे मोजून मुलगी देणारा बाप ओळखावयास सोपा होता. आता जो पुढे आला, तो मुलीवर जीव टाकणारा बाप. तो तिला पुस्तके आणून देतो, डॉक्टर आणतो, तिच्यासाठी रात्री जागतो. फक्त एकच गोष्ट तो करू शकत नाही : तिला दाराबाहेर जाऊ देणे.

हा बाप पाश्चात्त्य साहित्याच्या परिचयाचा होता. हेन्री जेम्स या अमेरिकन लेखकाच्या 'वॉशिंग्टन स्क्वेअर' (१८८०) या कादंबरीत डॉक्टर स्लोपर नावाचा बुद्धिमान बाप आपल्या साध्या, भिडस्त मुलीचे लग्न मोडून काढतो. आलेला तरुण पैशावर टपलेला आहे, हे त्याचे निदान अचूक असते. चुकते ते एवढेच, की मुलीलाही मन आहे हे तो हिशेबात घेत नाही. या कादंबरीवरून गोएट्झ दांपत्याने केलेले नाटक १९४७ साली न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले. कादंबरीच्या शेवटी नायिका भरतकाम हाती घेऊन मुकाट्याने बसते. नाटकाच्या शेवटी बाहेर तरुण दार ठोठावीत असतो आणि ती कडी घालून, हाती दिवा घेऊन जिना चढते. मौन कादंबरीला पुरते, रंगभूमीला मात्र मौन दिसावे लागते, म्हणून तेथे कडीचा आवाज आला. बाणाच्या गोष्टीतून शापाचे एक सूत्र निवडणाऱ्या देवलांपुढे जो प्रश्न होता, तोच येथेही होता.

परंतु मराठीत जो बाप आला, तो दुसऱ्या घरातून आला. ते घर लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरचे आणि ती हकीकत प्रत्यक्ष घडलेली आहे. एडवर्ड मोल्टन-बॅरेट हे गृहस्थ जमेकातील ऊसमळ्यांचे मालक होते. तेथील गुलामांच्या श्रमावर त्यांचे वैभव उभे होते. त्यांची मिळकत घसरली, १८३२ साली हियरफर्डशायरमधला वाडा सोडावा लागला आणि काही वर्षांनी कुटुंब लंडनला येऊन राहिले. या गृहस्थांचा एक विलक्षण नियम होता : आपल्या मुलांपैकी कोणीही लग्न करावयाचे नाही. थोरली मुलगी एलिझाबेथ आजारी, बहुतेक काळ खोलीत पडून असे, आणि तेथूनच कविता लिहून इंग्लंडभर कीर्ती पावली होती. तिच्या कविता वाचून रॉबर्ट ब्राउनिंगने १८४५ च्या जानेवारीत तिला पहिले पत्र लिहिले. मे महिन्यात दोघे भेटली. पावणेसहाशेच्या आसपास पत्रे एकमेकांना गेली. १२ सप्टेंबर १८४६ रोजी दोघांनी गुपचूप चर्चमध्ये लग्न लावले. वधू त्याच दिवशी घरी परत आली, आठवडाभर काहीच न घडल्यासारखी वागली आणि मग पतीबरोबर इटलीस निघून गेली. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. बापाने तिचे नाव टाकले. तिने पाठविलेली पत्रे त्याने फोडलीसुद्धा नाहीत. १८५१ साली ती लंडनला आली असता तो सारा गठ्ठा मोहोरबंद स्थितीत तिच्याकडे परत आला. १८५७ साली तो वारला, तोवर त्याने तिला क्षमा केली नव्हती.

या हकीकतीवरून रुडॉल्फ बेसियर यांनी 'द बॅरेट्स ऑफ विंपोल स्ट्रीट' हे नाटक लिहिले. ते १९३० साली इंग्लंडात व पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गाजले आणि त्याचे दोनदा चित्रपट झाले. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९५८ साली 'सुंदर मी होणार' लिहिले.

रूपांतर म्हणजे केवळ नावे बदलणे नव्हे, हे पुलंना चांगले ठाऊक होते. गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार' त्यांनी आधीच केले होते आणि शॉच्या नाटकावरून 'ती फुलराणी' पुढे १९७५ साली केले. येथे त्यांच्यापुढे खरा प्रश्न असा होता : मुलांच्या आयुष्यावर एवढी निरंकुश सत्ता चालविणारा बाप १९५८ च्या महाराष्ट्रात कोणत्या घरात राहतो? सदाशिव पेठेतल्या कारकुनाच्या दोन खोल्यांत तो मावणार नाही. मुलगी सकाळी नोकरीला जाईल आणि प्रश्न मिटेल. पुलंनी त्याला विलीन झालेल्या संस्थानाच्या राजवाड्यात बसविला, आणि या एका निवडीने परके नाटक मराठी झाले.

१९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील बहुतेक मराठी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. आपल्या जिल्ह्यातले सुरगाणे संस्थानही त्याच लाटेत गेले. राजे लोकांना तनखे मिळाले. ते पुढे १९७१ साली बंद झाले. पदवी राहिली, वाडा राहिला, मुजरे करणारे चार जुने नोकर राहिले. आज्ञा करावयास प्रजा मात्र राहिली नाही. 'सुंदर मी होणार'मधले महाराज असे आहेत. राज्य गेले, म्हणून ते घरावर राज्य करतात. दीदीराजे, बेबीराजे ही त्यांची अपत्ये आणि तीच त्यांची उरलेली प्रजा. विंपोल स्ट्रीटच्या बॅरेटचेही मूळ हेच नव्हते काय? मळ्यांचे उत्पन्न आटले, वाडा गेला, आणि मग मुलांवरची मूठ आवळली गेली. बाहेरची सत्ता हातून निसटलेला मनुष्य घरात अधिक कठोर होतो, हा मनुष्यस्वभावाचा नियम पुलंनी बरोबर हेरला. संस्थानी थाटाच्या रंजक चित्राखाली त्यांनी तो मांडला, म्हणून प्रेक्षक हसत हसत आत गेला आणि विचार करीत बाहेर आला.

आता नाटकाच्या नावाकडे वळू. बेसियरच्या नाटकाला एका रस्त्याचे नाव आहे. पुलंच्या नाटकाला एका कवितेचे आहे आणि ती कविता नाशिकच्या कवी गोविंदांची. गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म १८७४ चा. ते पायांनी अधू होते. मित्रमेळ्यात आणि अभिनव भारतात वावरलेल्या या माणसाची स्वातंत्र्यगीते सरकारला तोफखान्यासारखी वाटली. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी 'सुंदर मी होणार' लिहिले आणि १९२६ साली ते निवर्तले. ती कविता मृत्यूला उद्देशून आहे. हे जीर्ण शरीर टाकून मला नवे, सुंदर रूप मिळणार आहे, असा तिचा भाव. पायांनी अधू असलेल्या एका कवीच्या कवितेचे नाव पायांनी अधू असलेल्या, कविता करणाऱ्या दीदीराजेच्या नाटकाला मिळावे, यापेक्षा समर्पक नामकरण मला सुचत नाही.

मात्र नाव घेताना पुलंनी अर्थ उलटा फिरविला आहे. गोविंदांना सौंदर्य मरणाच्या पलीकडे दिसले. दीदीराजेला ते राजवाड्याच्या दारापलीकडे, याच जन्मात हवे आहे. बाणाच्या कथेतल्या प्रेमिकांना पुन्हा भेटण्यासाठी मरून नवा जन्म घ्यावा लागला होता. दीदीराजे जन्म न बदलता उठते. शापाची मुदत संपण्याची वाट पाहणारी नायिका आणि आपणच उंबरठ्याकडे पाऊल टाकणारी नायिका, यांच्यामधले अंतर हाच आपल्या आजच्या विषयाचा सारांश आहे.

तरीही एक गोष्ट मला स्पष्ट बोलली पाहिजे. प्रेमाचा स्पर्श होताच पांगळ्या पायांत बळ येते, ही रंगभूमीची सोय आहे, जीवनाचा नियम नाही. खरी एलिझाबेथ इटलीत गेल्यावर सुधारली, तिला मुलगा झाला, परंतु प्रकृतीने तिचा पिच्छा सोडला नाही आणि १८६१ साली ती फ्लॉरेन्सला वारली. आपले गोविंद तर अखेरपर्यंत तसेच राहिले. तेव्हा दीदीराजेचे उठणे हा चमत्कार म्हणून पाहू नये. उठता आले नसते तरी तिचा अधिकार तेवढाच खरा होता. चालता न येणाऱ्या मुलीलाही आपले माणूस निवडण्याचा हक्क आहे, हे वाक्य नाटकाने उच्चारले असते, तर ते अधिक धीट झाले असते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१ साली, नाशिकच्याच वसंत कानेटकरांचे 'प्रेमा, तुझा रंग कसा?' आले आणि प्रेमविवाह हा विषय घराघरांत हसतखेळत बोलला जाऊ लागला. ज्या गोष्टीवर माणसे हसू लागतात, तिची दहशत अर्धी कमी झालेली असते. अर्धीच, कारण उरलेली अर्धी अजून आपल्याबरोबर आहे. सज्ञान स्त्रीपुरुषांच्या परस्परसंमतीच्या विवाहात कुटुंबाला किंवा जातपंचायतीला आड येता येणार नाही, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा बजावून सांगावे लागले. जे सांगण्याची गरज पडते, ते अजून झालेले नसते.

शाप होता, तेव्हा मुदत संपण्याची वाट पाहणे एवढाच मार्ग होता. पैसा होता, तेव्हा कायदा करता आला. मायेवर कायदा चालत नाही, तिला समज यावी लागते. बॅरेटच्या घरातून परत गेलेला तो पत्रांचा गठ्ठा आठवा. त्यातले एक पत्र जरी त्या बापाने फोडले असते, तरी मुलीने आपल्याला टाकले नाही हे त्याला कळले असते. आपल्या घरांतही अशी पत्रे येतात. हल्ली ती कागदावर नसतात. जेवताना अर्धवट सोडलेल्या वाक्यात असतात, लग्नाचा विषय निघाला की मुलगी उठून आत जाते त्या उठण्यात असतात. ती फोडून वाचणे आईबापांच्या हाती आहे, आणि त्यासाठी राजवाडा सोडावा लागत नाही.

महाश्वेता वडिलांच्या अनुज्ञेचा विचार करीत थांबली आणि तिला उशीर झाला. बाणाने तेथे शाप आणला. आपल्याला तो आणता येणार नाही.